ट्यूब अँपची एक ट्यूब लालबुंद होतेय, मदत हवी

सहावी_तार (धागाकर्ता, नाशिक)

मंडळी, आधीच सांगतो, मी बँकेत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार गिटार बडवतो. इलेक्ट्रॉनिक्सचं ज्ञान म्हणजे घरातली ट्यूबलाइट बदलणे. (ती ट्यूब वेगळी, एवढं कळतं.)

सहा महिन्यांपूर्वी हौसेने गिटारचा एक जुना ट्यूब अँप (अँप्लिफायर) घेतला. १५ वॅट, मागे दोन ईएल८४ (स्पीकरला ताकद देणाऱ्या ट्यूबा), पुढे तीन १२एएक्स७ (गिटारचा बारीक आवाज आधी वाढवणाऱ्या), १२ इंची स्पीकर, स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून आवाज घुमवणारी टाकी). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मधे चार जणांचे हात लागलेत, बिचाऱ्या कंपनीचा काय दोष.

तक्रार अशी: चालू केला की पाचेक मिनिटं झकास वाजतो. मग मागून घूंऽऽ असं हमिंग वाढत जातं, आवाज फाटायला लागतो, आणि जाळीतून डोकावलं तर उजवीकडच्या ईएल८४ची राखाडी प्लेट मधोमध लाल झालेली दिसते. फिलामेंटचा नारिंगी उजेड नाही हो, भट्टीतल्या लोखंडासारखी लाल. मी घाबरून बंद करतो.

एकाने 'ट्यूबा गेल्यात' सांगून जोडी बदलून दिली. चार दिवसांनी तेच. काल सहज फ्यूज काढून बघितला, तर त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली!

अजून एक जोडी मागवू, की रामकुंडावर नेऊन सोडू?

खोडसाळ

विका आणि डिजिटल घ्या. हेडफोन लावा. शेजारीही दुवा देतील.

मीटरवाली (पुणे)

तिसरी जोडी अजिबात मागवू नका. आणि तो अँप आता कॉर्डसकट भिंतीपासून लांब ठेवा. चांदी गुंडाळलेला फ्यूज म्हणजे फ्यूज नाहीच, पुढचा फ्यूज तुमचा पॉवर ट्रान्सफॉर्मर असेल. मागच्या पट्टीवर फ्यूजचा आकडा छापलेला असतो, तो बघून सांगा.

एक फुकटची चाचणी आधी. अँप बंद, पूर्ण गार. दोन्ही ईएल८४ची अदलाबदल करा. चालू करून पाच मिनिटं पहारा द्या. लाली ट्यूबबरोबर डावीकडे गेली, तर ट्यूब खराब. लाली उजव्याच सॉकेटवर राहिली, तर ट्यूब निर्दोष आहे आणि चोर सर्किटमध्ये आहे. लाल दिसताक्षणी बंद करायचा, फोटो काढत बसायचं नाही.

सहावी_तार

पट्टीवर 'टी १ ए' आहे. म्हणजे १ अँपिअर, स्लो-ब्लो, बरोबर? तसाच नवा आणून घातला आणि अदलाबदल केली. चौथ्या मिनिटाला उजवीकडचीच लाल. म्हणजे जी ट्यूब आत्तापर्यंत डावीकडे गुण्यागोविंदाने नांदत होती, ती उजव्या घरात गेल्यावर बिघडली. आणि सातव्या सेकंदाला नवा फ्यूज गेला.

व्हॉल्व्हआजोबा (कोल्हापूर)

फ्यूज गेला ते बरं झालं, लेका. जायलाच बसवलाय त्याला तिथं.

मी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. तुम्ही ट्यूब म्हणा, आम्ही व्हॉल्व्हच म्हणणार. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईएल८४ रेडिओग्रॅममध्ये किती घातले त्याची मोजदाद नाही. तुझ्या दुखण्याला आमच्याकडं एकच नाव होतं: कंडेन्सर लीक. मागच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (ग्रिड म्हणजे व्हॉल्व्हमधला करंटचा नळ) आवाज नेणारा जो कपलिंग कंडेन्सर असतो, त्याचं काम आवाज सोडायचा आणि डीसी अडवायचा. तो म्हातारा झाला की डीसी झिरपू देतो. ग्रिड पॉझिटिव्ह झाला की व्हॉल्व्ह बेभान करंट खेचतो, प्लेट लाल.

चेसिस (आतला पत्र्याचा सांगाडा) उघडायच्या आधी फिल्टर कंडेन्सर, म्हणजे सप्लाय सपाट करणारे मोठे कंडेन्सर, डिस्चार्ज कर. आम्ही स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायचो.

मीटरवाली

आजोबा, निदान बरोबर, पण स्क्रूड्रायव्हरला माझा सक्त विरोध! ठिणगीत कंडेन्सरचं नुकसान होतं, स्क्रूड्रायव्हरचं टोक वितळतं आणि माणूस दचकून दुसरा हात नको तिथे टेकवतो.

धागाकर्ते, हे नीट वाचा. या अँपच्या आत ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कंडेन्सरांत बसून राहतो. घरातल्या २३० एसीचा झटका खाल्लेले लोक 'मला काही होत नाही' म्हणतात, त्यांनी इथे ती फुशारकी मारू नये.

१० किलोओहम, ५ वॅटचा रजिस्टर (म्हणजे रेझिस्टर, करंटला अडवणारा भाग) घ्या. दोन्ही टोकांना वायर जोडून वर नळी चढवा, एका टोकाला क्रोकोडाइल क्लिप. प्लग काढा, म्हणजे नुसतं बटण बंद नाही, प्लग भिंतीतून बाहेर. क्लिप चेसिसला. दुसरं टोक मुख्य फिल्टरच्या पॉझिटिव्हला लावून दहा सेकंद धरा. डावा हात पाठीमागे किंवा खिशात, कारण दोन्ही हात आत गेले की करंटची वाट छातीतून जाते. मग मीटरने मोजून खात्री करा. ५ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट आत नाही.

आणि स्पीकर तोडून अँप कधीच चालवू नका. लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एवढे उंच व्होल्टेज उसळतात की इन्सुलेशन फुटू शकतं. तो भाग सगळ्यात महाग.

व्हॉल्व्हआजोबा

बाईंचं म्हणणं मान्य. आमच्या बोटांवर डाग आहेत ते काय शोभेचे नाहीत.

आणि सिरीज बोर्ड कर. १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब आणि त्याच्या सिरीजमध्ये सॉकेट. एलईडी चालत नाही. अँप त्यातून चालू केला की बल्ब एकदा भपकन पेटतो आणि मंद होतो. मंद राहिला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, पण करंट बल्बने अडवलाय, अँप वाचलाय. फ्यूजांचे पैसे वाचतील. व्होल्टेज मोजताना मात्र बोर्ड काढून थेट लाव, नाहीतर सगळे आकडे कमी दिसतील.

सहावी_तार

सिरीज बोर्ड केला. पिवळा बल्ब शोधायला तीन दुकानं फिरलो, शेवटी एका देवघराच्या सामानाच्या दुकानात मिळाला.

आता काय मोजू? माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. या मॉडेलचा डायग्राम कुठेच मिळत नाहीये.

मीटरवाली

डायग्राम नसला तरी अडत नाही. गिटार अँपची सर्किटं एकमेकांची सख्खी-चुलत भावंडं असतात. लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२ला जो जेटीएम४५ तयार झाला, तोच मुळात फेंडरच्या बेसमनवर बेतलेला होता. ईएल८४चे पाय तर जगभर तेच. सॉकेट खालून बघताना, फट समोर ठेवून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजा: २ ग्रिड, ३ कॅथोड (जिथून इलेक्ट्रॉन निघतात), ४ आणि ५ हीटर (कॅथोड तापवणारी तार), ७ प्लेट (जिथे ते पोचतात), ९ स्क्रीन (मधली दुसरी जाळी).

काळी वायर चेसिसला क्लिपने पक्की लावा, लाल वायर एका हाताने. मीटर डीसी ६०० किंवा १००० व्होल्टवर. दोन्ही ट्यूबांचे २, ३, ७, ९ मोजा. लाल व्हायच्या आत, पहिल्या दोन मिनिटांत उरका. कॅथोडपासून चेसिसला जाणारा जाडा रजिस्टर किती ओहमचा आहे तेही लिहा.

शेवटी अँप बंद करून, डिस्चार्ज करून, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेपासून दोन्ही प्लेटांपर्यंतचा ओहम मोजा.

सहावी_तार

हात थरथरत होते, पण झालं. बायको दाराशी लाकडी काठी घेऊन उभी होती (मला ढकलायला, म्हणे).

ट्रान्सफॉर्मरची मधली तार: ३१८ व्होल्ट
डावी: प्लेट ३१५.४, कॅथोड १३.९, ग्रिड ०
उजवी: प्लेट ३०८.८, कॅथोड १३.९, ग्रिड ६.२ (!)
कॅथोड रजिस्टर दोघींत मिळून एकच, १३० ओहम.
वाइंडिंग: डावी बाजू ११५ ओहम, उजवी १२२.

उजवा ग्रिड ६.२ दाखवतोय. आजोबा जिंकले का?

व्हॉल्व्हआजोबा

अजून नाही. घाई नको. आता उजवा व्हॉल्व्ह काढून घे आणि तोच पाय २ परत मोज. व्हॉल्व्ह काढल्यावर ६ व्होल्ट नाहीसे झाले तर व्हॉल्व्ह स्वतःच ग्रिडमधून करंट सोडतोय. काढूनही राहिले तर कंडेन्सर. रिकाम्या सॉकेटवर कुणाचा आळ यायचा?

मीटरवाली

तोवर आकडे बोलतात ते ऐका. १३.९ भागिले १३०, म्हणजे दोघींचा मिळून १०७ मिलिअँपिअर. एवढ्यावरून कुणाचा वाटा किती ते कळत नाही, म्हणून वाइंडिंग मोजायला लावलं. डावीकडे ३१८ उणे ३१५.४ म्हणजे २.६ व्होल्ट, भागिले ११५: २३ मिलिअँपिअर. उजवीकडे ९.२ भागिले १२२: ७५. उरलेले नऊ-दहा दोन्ही स्क्रीनचे.

७५ मिलिअँपिअर गुणिले प्लेट ते कॅथोड २९५ व्होल्ट, झाले २२ वॅट. ईएल८४च्या प्लेटची मर्यादा १२ वॅट आहे. लाल होईल नाही तर काय! आणि गंमत बघा, कॅथोड सामाईक असल्यामुळे उजवीने जास्त खेचलं की कॅथोड वर चढतो आणि डावीचा गळा दाबला जातो. एक उधळतेय, दुसरी उपाशी.

तुमच्या हमिंगचा उगमही इथेच असणार. पुश-पुल सर्किटमध्ये (दोन ट्यूबा आळीपाळीने काम करतात ते) सप्लायवरची लहर दोन्ही ट्यूबांतून सारखी जाते आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना खोडते. इथे एकीत २३, दुसरीत ७५. खोडणार कशी?

खोडसाळ

हे वाचून माझ्या डिजिटल अँपला मी पापा दिला.

एडिसनकर (न्यू जर्सी)

खोडसाळपंत, तुमचा डिजिटल बंद पडेल तेव्हा बोर्डच बदलावा लागेल. साठ वर्षांपूर्वीचा ट्यूब अँप मी इथे तळघरात मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्नवर जिवंत ठेवलाय.

थोडं अवांतर: इथून अँप घेऊन परतणाऱ्यांसाठी. मित्राने १२० व्होल्टचा अँप सामानातून पुण्याला नेला आणि उत्साहात सरळ २३०च्या सॉकेटात घातला. योग्य आकड्याचा फ्यूज होता म्हणून फ्यूजवर निभावलं. स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लागतोच. शिवाय इथली वीज ६० हर्ट्झ, तुमची ५०. त्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरच्या कोअरवर २० टक्के जास्त चुंबकीय ताण येतो, म्हणून फक्त ६०साठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर तिकडे जास्त तापतो. पट्टीवर '५०/६०' छापलंय का बघून मगच बॅग भरा.

सहावी_तार

उजवी ट्यूब काढली. ग्रिडवर ६.४ व्होल्ट. तसेच! कंडेन्सर!!

पण शंका: तो कंडेन्सर एका बाजूने सोडवून मीटरवर ओहम मोजला तर काहीच दाखवत नाही. ओपन. मग लीक कसा?

मीटरवाली

छान प्रश्न. मीटर ओहम मोजताना दोन-तीन व्होल्टच लावतो. कंडेन्सरवर अँपमध्ये असतात २००. मडकं रिकामं असताना झिरपत नाही.

हिशेब करा. ग्रिडपासून चेसिसला रजिस्टर २२० किलोओहम असेल (लाल, लाल, पिवळा). त्यावर ६.२ व्होल्ट म्हणजे २८ मायक्रोअँपिअर. अलीकडच्या १२एएक्स७च्या प्लेटवर दोनशेच्या आसपास धरा. म्हणजे कंडेन्सर सुमारे ७ मेगओहमचा रजिस्टर होऊन बसलाय. चांगला कंडेन्सर याच्या शेकडो पट असायला हवा. चोरी रुपयांत नाही, पैशांत आहे, पण ग्रिडला तेवढी पुरते.

नवा घ्या: ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर. ४०० व्होल्टचा 'चालतो हो' म्हणून देतील, घेऊ नका. डावीकडचा जुळा भाऊही तेवढ्याच वयाचा, दोन्ही बदला. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर घरपोच. किंमत चहा-वड्याइतकी.

व्हॉल्व्हआजोबा

आणि एक. काही शहाणे सांगतील, उघडलाच आहे तर सगळे कंडेन्सर बदल. मी म्हणतो, जे खराब मोजलं तेच बदल. एका दिवसात वीस ठिकाणी गरम इस्त्री फिरवलीस की नवे चार ड्राय सोल्डर (नीट न धरलेले जोड) तयार होतील आणि मग दोष जुना की तुझा, तेच कळायचं नाही.

मीटरवाली

इथे माझं अर्धं दुमत. फिल्टरचे इलेक्ट्रोलायटिक पंचवीस-तीस वर्षांचे असतील तर न मोजताही बदलते मी. फुगलेले, तळाशी चिकट डिंक आलेले दिसले तर नक्कीच. बाकी +१.

मांडवीकाठ (गोवा)

वाचनखूण साठवली.

आमच्याकडे अँप लाल होत नाही, मुका होतो. जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी येते तशी जॅकनाही येते. गेल्या पावसात भर कार्यक्रमात आवाज एकदम निम्म्यावर आला, मग परत आला, मग गेला. सगळ्यांनी ट्यूबांवर संशय घेतला. निघाला मागचा इफेक्ट्सचा रिटर्न जॅक (सेंडमधून बाहेरच्या इफेक्ट्सकडे गेलेला आवाज परत घेणारा). त्यात काही खोचलेलं नसेल तेव्हा आतली एक पातळ पट्टी टेकून आवाज पुढे जातो. खाऱ्या हवेने ती काळी पडली.

ओळखायची युक्ती: सेंड आणि रिटर्नमध्ये साधी छोटी केबल जोडा. आवाज ठणठणीत झाला तर जॅकच गुन्हेगार. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा-वीस वेळा आत-बाहेर करा. ट्यूबांच्या सॉकेटलाही हाच उपाय, अर्थात डिस्चार्ज करून.

सहावी_तार

मंडळी!!! झालं!

दोन्ही कंडेन्सर घातले. जुने तोडताना उजव्याच्या कडेला केसाएवढी भेग दिसली, आत तपकिरी. नवे घालून सिरीज बोर्डवर चालू केला, बल्ब भपकन आणि मग मंद. थेट लावून मोजलं: दोन्ही ग्रिड ०, कॅथोड १०.४. मधली तार ३२६, तिथून डाव्या प्लेटपर्यंत ४.१ व्होल्ट, उजव्या ४.४. मीटरवाली ताई, तुमचा हिशेब मी स्वतः केला: दोन्हीकडे ३६ मिलिअँपिअर, ११ वॅटच्या थोडं वर. तासभर वाजवला. दोन्ही प्लेटा राखाडी.

मोठं हमिंग गेलं. पण शांत खोलीत अजून बारीक घूं आहेच. ट्यूब नंबर एकचा दोष?

मीटरवाली

उघडायच्या आधी गिटारच वापरा. जाड ई तारेवर तिसरा फ्रेट दाबा, तो जी साधारण ९८ हर्ट्झचा. हमिंग त्याच्याशी जवळजवळ सुरात लागलं, किंचित चढं, आणि दोघांमध्ये सेकंदाला दोन हेलकावे ऐकू आले, तर ते १०० हर्ट्झ: रेक्टिफायरनंतरची (एसीचा डीसी केल्यावरची) लहर, म्हणजे फिल्टर कंडेन्सर. हमिंग बरोबर एक सप्तक खाली वाटलं तर ५० हर्ट्झ: हीटर, अर्थिंग किंवा बाहेरची वीज. तानपुरा लावणाऱ्याला हे मीटरपेक्षा लवकर कळतं.

आणि व्हॉल्यूम फिरवल्यावर ते कमी-जास्त होतं का?

सहावी_तार

एक सप्तक खाली. आणि व्हॉल्यूमबरोबर वाढतं. गिटारची केबल काढली तरी आहे.

व्हॉल्व्हआजोबा

म्हणजे व्हॉल्यूमच्या आधी शिरतंय आणि ५० हर्ट्झ आहे. हीटर बघ. मीटर एसीवर, १२एएक्स७च्या पाय ९ ते चेसिस मोज, मग पाय ४ ते चेसिस. दोन्हीकडं ३ व्होल्टच्या थोडं वर यायला पाहिजे.

सहावी_तार

पाय ९: ६.५. पाय ४: ०.

व्हॉल्व्हआजोबा

सापडलं! हीटरच्या दोन्ही तारांपासून चेसिसला १००-१०० ओहमचे दोन रजिस्टन्स असतात, ६.३ व्होल्टचा मध्य जमिनीला बांधायला. एक जळालाय. म्हणून सगळा एसी एका बाजूला कललाय. बहुतेक तुझा पहिला व्हॉल्व्ह आतून शॉर्ट झाला तेव्हा त्याने जीव दिला असणार. अर्धा वॅटचे दोन घाल, पाच रुपयांचं काम.

सहावी_तार

पायलट लॅम्पच्या मागे होते. एक नुसता काळा कोळसा, रंगाचे पट्टेही वाचता येईनात. दोन्ही बदलले. आता पाय ९ वर ३.२, पाय ४ वर ३.२. अँप चालू आहे की बंद, हे लाल दिव्याकडे बघून ठरवावं लागतंय.

आता शेवटचं. शांतता झाल्यावर लक्षात आलं, रिव्हर्ब मुळात वाजतच नाहीये. इतके दिवस घूंमध्ये कळलंच नाही. टाकीला टिचकी मारली तरी स्पीकरमधून काही नाही.

मीटरवाली

टिचकी ऐकू येत नाही म्हणजे परतीची बाजू बघा. टाकीचे दोन्ही प्लग काढून सॉकेटवर ओहम मोजा. आउट लिहिलेल्या बाजूला दीड-दोनशे ओहम यावेत.

सहावी_तार

आउटची बाजू ओपन. भिंग लावून बघितलं, कॉइलपासून सॉकेटकडे येणारी तार तुटून उभी राहिलीये, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याएवढी. सोल्डर हाताने जमेल असं वाटत नाही. नाशिकमध्ये घड्याळवाला ओळखीचा आहे, उद्या त्याच्याकडे नेतो.